वाचक विचारतात : उतारावरची कारकीर्द

प्रश्न : हिवाळी ऑलिम्पिकच्या एका जुन्या चित्रफितीत हर्मान मायर हा ऑस्ट्रियन स्कीपटू हवेत उडून जाळ्यांपलीकडे पडताना पाहिला. तीनच दिवसांनी त्याने सुवर्णपदक जिंकले, असे नंतर कळले. अशा खेळाडूची कारकीर्द घडते तरी कशी? त्यात नशिबाचा भाग किती? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : आपण पाहिलेला प्रसंग जपानमधल्या नागानो ऑलिम्पिकमधला, १३ फेब्रुवारी १९९८ चा आहे. डाउनहिल या सर्वांत वेगवान शर्यतीत मायर वळण न साधल्यामुळे फेकला गेला, सुरक्षा-जाळ्या पार करून खोल बर्फात आदळला आणि स्वतःच उठून उभा राहिला. पुढे १६ तारखेला सुपर-जी (डाउनहिलहून जास्त वळणांची वेगवान शर्यत) आणि १९ तारखेला जायंट स्लॅलम (त्याहून जास्त वळणांची शर्यत) अशी दोन सुवर्णपदके त्याने पटकावली. ही चित्रफीत इतकी गाजली, की त्याआधीची त्याची खरी लढाई मागेच पडली. माझ्या मते ती लढाई अधिक सांगण्याजोगी आहे.

मायर ऑस्ट्रियातल्या फ्लाखाऊ या गावचा. वडिलांची तिथे स्की शिकवण्याची शाळा होती. पंधराव्या वर्षी श्लाडमिंगच्या नामांकित स्की-प्रबोधिनीतून शरीरयष्टी किरकोळ म्हणून त्याला घरी पाठवण्यात आले. त्यानंतर उन्हाळ्यात गवंडीकाम आणि हिवाळ्यात वडिलांच्या शाळेत शिकवणे, असा त्याचा क्रम सुरू झाला. ऑस्ट्रियात प्रबोधिनीबाहेर पडलेल्या मुलाला परत आत येणे का अवघड जाते, हे समजण्यासाठी या खेळाची व्यवस्था पाहावी लागते. आंतरराष्ट्रीय स्की व स्नोबोर्ड महासंघाच्या शर्यतींत खेळाडूला क्रमवारीचे गुण मिळतात. ते जितके कमी, तितका खेळाडू वरचा. विश्वचषक म्हणजे हंगामभर वेगवेगळ्या गावी होणाऱ्या शर्यतींची मालिका. तिच्या शर्यतीत प्रत्येक देशाला ठरावीक जागा असतात. त्यामुळे ऑस्ट्रियासारख्या देशात आधी घरच्याच डझनभर तगड्या स्पर्धकांना मागे टाकावे लागते.

जागा मिळाली, तरी नवख्याच्या वाट्याला मागचा क्रमांक येतो. शर्यतीचा उतार पाणी मुरवून जवळजवळ काचेसारखा कडक केलेला असतो. वरच्या क्रमवारीतले खेळाडू आधी उतरतात आणि त्यांच्या स्कीच्या धारदार कडांनी प्रत्येक गेटपाशी, म्हणजे वळणाची खूण असलेल्या खांबांपाशी, चर पडत जातात. चाळिसाव्या क्रमांकाचा खेळाडू उतरतो, तेव्हा त्याला या चरांतून गचके खातच वळावे लागते. स्लॅलम (जवळजवळच्या वळणांची शर्यत) आणि जायंट स्लॅलममध्ये पहिल्या फेरीतले फक्त ३० जण दुसऱ्या फेरीला जातात, म्हणजे खराब झालेल्या बर्फावरूनच त्याने पहिल्या तिसांत यायचे असते. विश्वचषकाचे गुण क्रमवारीच्या गुणांहून वेगळे, ते जितके जास्त तितके चांगले: विजेत्याला १०० गुण, दुसऱ्याला ८० आणि तिसाव्याला अवघा एक. कारकीर्द घडणे म्हणजे मुख्यतः उतरण्याचा हा क्रमांक पुढे पुढे आणत जाणे होय.

मायरला दार उघडले ते जानेवारी १९९६ मध्ये. शर्यतीआधी मार्ग आणि घड्याळे तपासण्यासाठी काही स्कीपटूंना उतरवले जाते. त्यांची वेळ धरली जात नाही. फ्लाखाऊच्या जायंट स्लॅलममध्ये मायर असाच बिनमोजणीचा उतरला. त्याची वेळ शर्यतीत धरली असती, तर तो बारावा आला असता. संघाच्या नजरेतून ही गोष्ट सुटणे शक्यच नव्हते. फेब्रुवारी १९९७ मध्ये त्याने जर्मनीतल्या गार्मिशला पहिली विश्वचषक शर्यत जिंकली आणि पुढच्याच हंगामात एकूण विजेतेपद, म्हणजे हंगामातल्या सर्व गुणांवर ठरणारे पहिले स्थान, मिळवले. नशीब म्हणायचे तर एवढेच, की विश्वचषक त्याच्या गावी आला होता.

प्रश्न : या खेळाडूंचे पोट कशावर चालते? मोठी दुखापत झाली, की सगळे संपतेच ना? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : अव्वल खेळाडूचे उत्पन्न बक्षिसे, स्की-उत्पादक कंपन्यांशी केलेले करार आणि शिरस्त्राणावरची जाहिरात यांतून येते. अंगावरचा पोशाख संघाच्या प्रायोजकांचा असतो; कपाळावरची ती वीतभर जागा मात्र बहुधा खेळाडूची स्वतःची. मधल्या फळीतल्यांना सरकारी नोकरीचा आधार लागतो. आपल्याकडे रेल्वे किंवा पोलीस दलात खेळाडूंना जागा असतात, तशा जर्मनीत सीमाशुल्क विभागात, इटलीत वित्तीय पोलिसांत आणि ऑस्ट्रियात लष्करात असतात. हंगाम ऑक्टोबर ते मार्च. उन्हाळ्यात हिमनद्यांवर किंवा थेट चिली, न्यूझीलंडला जाऊन सराव. ज्यांना कोणाचाच आधार नाही, त्यांच्या घरच्यांचे कंबरडे यातच मोडते.

दुखापतीबाबत नियम थोडा दयाळू आहे: जखमी खेळाडूच्या क्रमवारीतल्या गुणांना काही काळ संरक्षण मिळते. शरीराला असे संरक्षण नसते. ऑगस्ट २००१ मध्ये मोटरसायकलच्या अपघातात मायरचा उजवा पाय गुडघ्याखाली इतका चेचला, की तो कापावा लागेल की काय, अशी स्थिती होती. २००२ चे ऑलिम्पिक हुकले. जानेवारी २००३ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या आडेलबोडेनच्या जायंट स्लॅलममध्ये परतल्यावर तो दुसऱ्या फेरीतही पोहोचला नाही. पण त्याच महिन्याच्या २७ तारखेला त्याने ऑस्ट्रियातल्या किट्सब्यूलची सुपर-जी जिंकली. २००४ मध्ये त्याने चौथे एकूण विजेतेपद मिळवले आणि २००९ मध्ये निवृत्त होताना त्याच्या नावावर ५४ विश्वचषक विजय होते. तरीही हे उदाहरण नियम म्हणून घेऊ नये. गुडघ्यातला एक अस्थिबंध (लिगामेंट) तुटल्यामुळे कायमचे थांबलेल्यांची नावे आपल्यापर्यंत येत नाहीत, इतकेच.

प्रश्न : माझा मुलगा अकरा वर्षांचा आहे आणि त्याला स्की-शर्यतपटू व्हायचे आहे. भारतात हे शक्य आहे का? (एक वाचक, पुणे)

उत्तर : अशक्य नाही. काश्मीरचा आरिफ खान २०२२ च्या बीजिंग ऑलिम्पिकमध्ये भारताचा एकमेव खेळाडू होता. जायंट स्लॅलममध्ये तो ४५ वा आला आणि स्लॅलम पूर्ण करू शकला नाही. तो मात्र बर्फातच वाढला. आल्प्समधली मुले तीन-चार वर्षांची असतानाच स्कीवर उभी राहतात, त्यामुळे पुण्यात राहून अकराव्या वर्षी सुरुवात करणाऱ्याला त्यांची बरोबरी फार कठीण जाईल. सध्या गुलमर्गच्या भारतीय स्कीइंग व पर्वतारोहण संस्थेच्या किंवा उत्तराखंडातल्या औलीच्या प्राथमिक वर्गाला त्याला पाठवावे आणि साहित्य विकत न घेता भाड्याने घ्यावे, कारण या वयात बुटाचे माप दर हिवाळ्यात बदलते.