३० व्या आठवड्यात जन्मलेलं, १२०० ग्रॅमचं बाळ ५ महिन्यांचं झालं तरी मान धरत नाही. उशीर म्हणायचा का?

आधी वय नीट मोजा. ४० आठवड्यांना १० कमी, म्हणजे बाळ साधारण अडीच महिने लवकर आलं. विकासाच्या हिशेबात ते आज अडीच महिन्यांचंच आहे, आणि मान साधारण ३-४ महिन्यांत धरतात. शेजारच्या बाळाशी तुलना नकोच. हे सुधारित वय २ वर्षांपर्यंत धरतात. लसी मात्र जन्मतारखेनुसारच.

पण म्हणून तपासणी टाळू नका. दीड किलोच्या आतल्या बाळांना जोखीम असतेच. सुधारित ३ महिन्यांच्या सुमारास ‘जनरल मूव्हमेंट्स’, म्हणजे बाळाच्या आपोआप होणाऱ्या हालचाली, बघतात. बाळ पाठीवर, जागं, हातात खुळखुळा नाही, समोर आईही नाही. फक्त काही मिनिटांचा व्हिडिओ. मनगटं, घोटे, मान यांच्या बारीक, सतत चाललेल्या हालचाली दिसल्या तर मोठा दिलासा. त्या नसतील तर सेरेब्रल पाल्सीची (मेंदूतल्या इजेमुळे हालचालींवर होणारा परिणाम) शंका इतक्या लवकर घेता येते आणि व्यायाम तेव्हाच सुरू होतात. पुढे डीएएसआयआय ही विकास मोजणारी चाचणी. ती भारतीय बाळांसाठी प्रमिला फाटक यांनी बसवली.

डोळ्यांचा पडदा जन्मानंतर महिन्याच्या आत तपासला होता ना? आणि कानांची बेरा, म्हणजे ऐकू येतं का ते बघणारी चाचणी? राहिलं असेल तर याच आठवड्यात जा. जिल्हा रुग्णालयात डीईआयसी (बाळांच्या विकासातल्या अडचणी लवकर ओळखून उपचार करणारं केंद्र) असेल तर तिथे मोफत होतं.