परसदार : तलंगा दांडीवर चढत नाहीत

प्रश्न : आमच्याकडे पाच गावठी कोंबड्या आणि एक कोंबडा आहे. महिन्यापूर्वी फिरत्या विक्रेत्याकडून सहा तलंगा, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या तरण्या कोंबड्या, घेतल्या, साधारण अडीच-तीन महिन्यांच्या. दिवसा सगळ्या परसात चरतात, फारशी भांडणं नाहीत. पण तिन्हीसांजेला जुन्या कोंबड्या खुराड्यात गेल्या की तलंगा न्हाणीमागच्या जळणावर गठ्ठा करून बसतात. मी आणि मुलगा बॅटरी घेऊन एकेक धरून आत सोडतो. त्या दांडीवर जात नाहीत, काही तर अंड्यांच्या टोपलीतच झोपतात. परवा सकाळी एकीचं डोकं चोची मारून रक्ताळलेलं होतं. सासूबाई म्हणतात, डालग्याखाली झाक. काय करावं? दाणा म्हणून सगळ्यांना अंड्यावरच्या कोंबड्यांचं तयार खाद्य देतो.
— एक वाचक, ता. संगमेश्वर

उत्तर : ताई, आधी जळणावरून त्यांना उचला. आमच्याकडे मुंगूस आणि रानमांजर यांना अशा गठ्ठ्याचा वास लगेच लागतो, तुमच्याकडेही वेगळं नसणार.

तलंगांना चढता येत नाही, असं तुम्हाला वाटतंय. तसं नाही. उद्या संध्याकाळी दाराशी उकिडव्या बसून नुसतं बघा. तलंग दांडीखाली येते, मान लांब करून वर बघते, डोकं दोनदा खालीवर करते, अंग चोरून उडीच्या तयारीत बसते आणि तशीच परत फिरते. वर कुठे उतरायचं हेच तिला दिसत नाही. जुन्या कोंबड्या एसटीत आधी चढून खिडकी धरणाऱ्यांसारख्या ऐसपैस बसलेल्या असतात, आणि त्यांतली जी म्होरकी असते ती नवी वर आली की दांडीवरून चालत जाऊन तिच्या मानेवर चोच हाणते. कोंबड्यांमधली ही चोचीची उतरंड नॉर्वेच्या शेल्डेरुप-एब्बे या अभ्यासकाने 1922 साली मांडली. आपल्या आज्यांना ती त्याआधीही ठाऊक होतीच म्हणा. उतरंड मोडायला जाऊ नका, मोडत नाही. जागा वाढवा.

एका पक्ष्याला वीतभर दांडी धरा. तुमचे बारा पक्षी, म्हणजे निदान नऊ फूट. चिऱ्याच्या खुराड्यात एवढी सलग दांडी मावत नाही, म्हणून दोन बसवा, मध्ये हातभर अंतर ठेवून आणि शक्यतो एकाच उंचीवर. एक उंच आणि एक बुटकी ठेवलीत तर सगळ्यांना उंचच हवी असते, आणि भांडण तिथूनच सुरू होतं. तलंगांना चढायला जमिनीपासून वीत-दीड वीत उंचीवर एक आडवी फळी लावा, पायरी म्हणून. दांडी मनगटाएवढी जाड, कडा गोल केलेली. गुळगुळीत बांबू नको, तलंगांचे पाय त्यावरून घसरतात.

आता सासूबाईंचं. त्या निम्म्या बरोबर आहेत. तलंगा काही दिवस वेगळ्या झोपल्या पाहिजेत, हे खरं. पण ओटीवर डालग्याखाली झाकल्या तर त्या ओटीलाच घर समजतील, शिवाय सहा जणी एका डालग्यात उकाड्याने हैराण होतील. त्यापेक्षा खुराड्यातच एका बाजूला जाळी ठोका आणि नवी दांडी त्या बाजूला घ्या. जुन्यांना त्या दिसतील, ऐकू येतील, पण चोच पोचणार नाही. तलंगा आपणहून त्या दांडीवर जाऊन बसायला लागल्या की मग जाळी काढा. आठवडा लागेल, कधी दोन.

रात्री अंधारात गुपचूप आत सोडा, सकाळी एकमेकींच्या मैत्रिणी होतात, असं तुम्हाला चार जण सांगतील. मला हे अर्धवट वाटतं. कोंबडीला अंधारात दिसत नाही म्हणून ती भांडत नाही, एवढंच. भांडण उजाडल्यावर होतं, बंद खुराड्यात, जिथे तलंगेला पळायला वाट नसते. तुमच्या तलंगेचं डोकं त्याच वेळी फुटलं असणार. तेव्हा रात्री सोडलंत तर फटफटताना उठून दार उघडणंही तुमच्याकडेच. आणि दाणा एका ठिकाणी टाकू नका. एक भांडं न्हाणीजवळ, दुसरं परसाच्या पार दुसऱ्या टोकाला, पाणीही दोन जागी. म्होरकी एका वेळी एकच भांडं राखू शकते.

संध्याकाळचा एक उपाय मात्र हमखास लागू पडतो. कोंबडी उजेडाकडे जाते, काळोख्या भोकात शिरत नाही. जुन्यांना आतली वाट पाठ असते, तलंगांना नाही. दिवस मावळायच्या सुमाराला खुराड्यात झिरोचा बल्ब लावा, तारा कोंबड्यांच्या चोचीबाहेर ठेवून. बाहेर काळोख आणि आत उजेड झाला की त्या आपोआप आत येतील. सगळ्या दांडीवर बसल्या की दिवा बंद. पेटत्या दिव्यात त्या रात्रभर इकडून तिकडे हलत राहतात.

टोपलीत झोपायची सवय आत्ताच मोडा. जिथे झोपतात तिथेच शिटतात, आणि पुढे अंडी घाणीत पडतील. दुपारी अंडी काढून झाली की टोपल्यांवर गोणपाट टाका, सकाळी काढा.

जखमी तलंग बाजूला घ्या. जखम धुवून हळद लावा आणि खपली धरेपर्यंत कळपात सोडू नका. लाल रंग दिसला की बाकीच्या, अगदी तिच्या बरोबरच्या तलंगाही, तिथेच चोच मारतात.

आणि ते खाद्य. अंड्यावरच्या कोंबड्यांच्या खाद्यात साडेतीन-चार टक्के कॅल्शियम असतं, वाढत्या तलंगेला एक टक्का पुरतं. जास्तीचं तिच्या मूत्रपिंडाला बाधतं. सगळ्यांनाच वाढीचं खाद्य द्या, आणि तिसऱ्यांच्या शिंपल्या कुटून एका करवंटीत वेगळ्या ठेवा. अंडी देणारी तिला हवं तेवढं उचलते.

पुढच्या वेळी फिरत्याकडून पक्षी घेतलेत तर दोन-तीन आठवडे लांब ठेवा. मानमोडीची, म्हणजे राणीखेत रोगाची, लस दिली का, हे विक्रेत्याला विचारून उपयोग नाही, तो हो म्हणतो. गावच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारून जुन्या-नव्या सगळ्यांना टोचून घ्या.

प्रश्न : आमच्या कोंबड्या दोन वर्षं खुराड्यात झोपायच्या. आता अचानक आत जायला तयार नाहीत, आंब्यावर चढतात. नवी कोंबडी आणलेली नाही.
— एक वाचक, ता. जुन्नर

उत्तर : रात्री रक्त पिणारे बारीक किडे झाले असावेत. दिवसा बघितलंत तर कोंबडीच्या अंगावर काही सापडणार नाही, ते दांडीच्या फटीत लपतात. एखादी कोंबडी आत बंद करा आणि रात्री दांडीच्या खालच्या अंगाने पांढरा कपडा घासून बघा. लाल ठिपके उमटले तर तेच. बांबूची दांडी असेल तर जाळून टाका, पोकळ टोकं आणि चिरा हेच त्यांचं बिऱ्हाड. लाकडाची दांडी बसवा, भेगा उकळत्या पाण्याने धुवा, भिंतींना चुना काढा, खालचा भुसा सगळा बदला. कोंबडी नसली तरी ते काही महिने तग धरतात, म्हणून आठवड्याने पुन्हा कपडा घासून बघायचा. कपडा स्वच्छ निघाला आणि तरीही कोंबड्या आंब्यावरच गेल्या, तर रात्री आत काहीतरी शिरत असेल; खुराड्याच्या बुडाशी बीळ आहे का ते शोधा.