कर्ज फेडताना घरखर्च आणि सुट्टीचा दिवस दोन्ही कसं सांभाळायचं?

तुमच्या प्रश्नातले आकडे आधी एका जागी मांडतो. पुण्यात धायरीत राहता, दोघांचे मिळून ९२,००० हातात येतात. नुकत्याच घेतलेल्या ३० लाखांच्या घरकर्जाचा हप्ता २६,०३५ आहे (साडेआठ टक्के, २० वर्षं). पर्सनल लोनचा हप्ता ८,१९८. क्रेडिट कार्डावर १,२०,००० थकलेत, दर महिन्याला किमान रक्कम भरता तरी आकडा हलत नाही. आठ महिन्यांपासून ५,००० ची एसआयपी (म्युच्युअल फंडात दर महिन्याची ठरलेली गुंतवणूक) चालू आहे. मिस्टर शनिवार-रविवार सात-सात तास फूड डिलिव्हरी करतात, त्याचे महिन्याला ६,५०० मिळतात. पाच वर्षांच्या मुलाला बाबा भेटत नाहीत आणि घरात पैशावरून रोज खटके उडतात. शिवाय दिरांच्या पतसंस्थेच्या कर्जाला जामीन राहायचं का, हेही विचारलंय.

माझं स्पष्ट मत असं की तुमची कमाई कमी पडत नाहीये, एका कर्जाचा दर तुम्हाला खातोय. तास वाढवण्याआधी तो दर बदला.

कार्डाचं गणित बघा. स्टेटमेंटवर व्याजदर असतो, साधारण महिना साडेतीन टक्के. त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी. म्हणजे १,२०,००० वर महिन्याला ४,९५६ रुपये नुसते व्याज आणि करात जातात. पाच टक्क्यांनी किमान रक्कम होते ६,०००. त्यातून मुद्दल फिटतं जेमतेम १,०४४. त्यात थकबाकी असेपर्यंत नव्या खरेदीला बिनव्याजी मुदत मिळत नाही, खरेदीच्या दिवसापासून व्याज लागतं. त्यामुळे महिन्याचा किराणा त्याच कार्डावर भरत असाल तर तोही व्याजाने घेताय.

आता हेच १,२०,००० पंधरा टक्क्यांच्या, दोन वर्षांच्या पर्सनल लोनवर नेले तर हप्ता बसतो ५,८१८. म्हणजे आज भरताय त्या किमान रकमेपेक्षाही कमी, आणि चोविसाव्या महिन्यात कर्ज संपलेलं. पहिल्या महिन्याचं व्याज ४,९५६ ऐवजी १,५००. प्रोसेसिंग फी दोन टक्के अधिक जीएसटी धरली तरी २,८३२ होते, ती पहिल्याच महिन्यात वसूल.

याच्याशेजारी मिस्टरांचं डिलिव्हरीचं काम ठेवा. महिन्याचे आठ दिवस, ५६ तास. दिवसाला ९० किलोमीटर धरले तर ७२० किलोमीटर. गाडी ४५ चं ॲव्हरेज देत असेल तर १६ लिटर पेट्रोल, १०४ च्या भावाने १,६६४ रुपये. टायर, ऑइल, ब्रेक यांची झीज किलोमीटरला पन्नास पैसे म्हणजे ३६०. हातात उरतात ४,४७६, तासाला ८० रुपये. कार्डाचं कर्ज हलवल्यावर पहिल्याच महिन्यात वाचणारे ३,४५६ म्हणजे त्या ५६ पैकी ४३ तासांची मेहनत. आणखी एक गोष्ट अनेकांच्या लक्षात येत नाही: दुचाकीचा विमा खाजगी वापराचा असेल आणि डिलिव्हरी करताना अपघात झाला, तर कंपनी दावा नाकारू शकते. काम चालू ठेवायचंच असेल तर पॉलिसीत काय लिहिलंय ते आधी वाचा.

अर्ज करताना काही गोष्टी जपा. आधी पगार जमा होतो त्या बँकेत विचारा, तिथे कागदपत्रं कमी लागतात आणि दरही बरा मिळतो. एका आठवड्यात चार-पाच ठिकाणी अर्ज टाकू नका. प्रत्येक चौकशीची नोंद होते आणि सिबिल स्कोअर घसरतो. बऱ्याच बँका सगळ्या हप्त्यांची बेरीज हातातल्या पगाराच्या निम्म्याच्या आत हवी म्हणतात. तुमची नवीन हप्ता धरून ४०,०५१ होते, म्हणजे साडेत्रेचाळीस टक्के, बसेल. अर्ज नाकारला गेला तर कार्डाच्याच बँकेकडून थकबाकीचे हप्ते पाडून घ्या. फक्त तिथे हप्त्यातल्या व्याजावर दर महिन्याला जीएसटी लागतो, पर्सनल लोनच्या व्याजावर लागत नाही. त्यामुळे कार्डाचा १५ टक्के प्रत्यक्षात १७.७ पडतो. तुलना करताना हे धरा.

सोनं गहाण ठेवणं हा तिसरा रस्ता. दर बहुतेक वेळा पर्सनल लोनपेक्षा कमी असतो. पण वर्षअखेरी एकरकमी फेडीचं कर्ज घेऊ नका, महिन्याच्या हप्त्याचंच मागा. एकरकमीत लोक वर्षाच्या शेवटी फक्त व्याज भरून नूतनीकरण करतात, आणि दागिने वर्षानुवर्षं बँकेतच राहतात.

कार्ड फेडताना स्टेटमेंटवरची रक्कम भरून मोकळं होऊ नका. स्टेटमेंटच्या तारखेपासून भरणा होईपर्यंतचं व्याज पुढच्या महिन्यात येतं. फोन करून आजच्या तारखेला पूर्ण फेडीची रक्कम किती ते विचारा, आणि पुढची दोन स्टेटमेंटं शून्य येतात का बघा. त्यानंतर लिमिट २०,००० वर आणून ठेवा आणि खरेदीच्या सगळ्या ॲपमधून कार्डाचा नंबर काढून टाका. हा टप्पा सोडला की वर्षभरात पर्सनल लोनही असतं आणि कार्डही पुन्हा भरलेलं असतं. कर्ज एकत्र करण्यात सगळ्यात जास्त घरं इथेच अडकतात.

कार्डाच्या बँकेचा ‘सेटलमेंट करा, निम्मे भरा’ असा फोन आला तरी पगार चालू असताना त्या वाटेला जाऊ नका. क्रेडिट अहवालात ‘सेटल्ड’ असा शेरा पडतो आणि पुढे घरकर्ज दुसरीकडे न्यायचं म्हटलं की तोच आडवा येतो.

एसआयपी सध्या थांबवा. साडेतीन टक्के महिना व्याज चालू असताना गुंतवणूक करण्यात काही अर्थ नाही. साठलेले साधारण ४०,००० काढून वेगळ्या बचत खात्यात ठेवा, हाच तुमचा अडीअडचणीचा पैसा. इक्विटी फंडात एक वर्षाच्या आत काढलं तर बहुतेक ठिकाणी एक टक्का एक्झिट लोड (लवकर पैसे काढल्याचं शुल्क) लागतो, म्हणजे ४०० रुपये. नफा झाला असेल तर त्यावर २० टक्के कर. इतकं सोसा. हा पैसा जवळ नसेल तर पहिल्या दवाखान्याच्या बिलाला कार्ड पुन्हा बाहेर निघेल.

आता कार्डावर एवढी रक्कम चढली कशी, ते बघू. महिन्याचं बजेट लिहिणाऱ्या जवळपास प्रत्येक घरात वर्षातून एकदा येणारे खर्च त्यात नसतात. शाळेची फी ४८,०००, आयुर्विमा आणि आरोग्य विमा ३०,०००, गणपती-दिवाळी २०,०००, महापालिकेचा मिळकतकर ९,०००, दोन गाड्यांचा विमा आणि सर्व्हिसिंग ८,०००, गावी जाणं-येणं ५,०००. बेरीज १,२०,०००, महिन्याला १०,०००. हे आकडे मी अंदाजाने धरलेत, तुमचे घाला. पण जून आला की फी कार्डावर जाते, दिवाळीत कपडे कार्डावर जातात, तो हाच खड्डा. पगार झाला की दुसऱ्या दिवशी १०,००० आपोआप आरडीत किंवा वेगळ्या खात्यात जाऊ द्या आणि त्या खात्याचं एटीएम कार्ड घरी ठेवा. मिळकतकर सवलतीच्या मुदतीत भरला तर सर्वसाधारण करात सूट मिळते आणि थकला तर महिन्याला दोन टक्के शास्ती लागते. स्वतः राहत असाल तर ४० टक्के सवलत बिलात धरली आहे का तेही बघा. नसेल तर पीटी-३ अर्ज भरावा लागतो. नवीन फ्लॅटवाल्यांची ही सवलत बऱ्याचदा राहून जाते.

मग महिना असा बसतो. ९२,००० मधून हप्ते ४०,०५१ आणि वार्षिक खर्चाचे १०,००० गेले की ४१,९४९ राहतात. किराणा, दूध, भाजी १४,०००, सोसायटी मेंटेनन्स, वीज, एमएनजीएलचं गॅसबिल, मोबाईल मिळून ७,५००, पेट्रोल आणि बस ५,०००, पाळणाघर ६,०००, गावी आईवडिलांना ४,०००, आणि दोघांना प्रत्येकी १,५०० हातखर्च. उरतात २,४४९, तेही अडीअडचणीच्या खात्यात. डिलिव्हरीचा एक रुपयाही यात धरलेला नाही.

हातखर्चाचा हिशेब एकमेकांना मागायचा नाही, हा नियम करा. १,५०० मधून कोणी वडापाव खाल्ला की कोणी केस सरळ करून घेतले, विचारायचं नाही. कर्ज असलेल्या घरात खटके बहुधा दोनशे-पाचशे रुपयांवरून उडतात. पैशाचं बोलणंही रोज रात्री जेवताना नको. महिन्यातून एकदा, पगारानंतरच्या पहिल्या शनिवारी सकाळी, पाऊण तास. दोन्ही खात्यांची स्टेटमेंटं समोर ठेवा, तीन आकडे वहीत लिहा: एकूण कर्ज, वार्षिक खात्यातली शिल्लक, अडीअडचणीची शिल्लक. बँकेला सांगून सगळ्या हप्त्यांची तारीख ५ करून घ्या, म्हणजे महिनाभर धाकधूक राहत नाही.

खर्च कापताना धुण्याभांड्याच्या मावशींना सगळ्यात आधी बंद केलं जातं. ते करू नका. दोघं नोकरी करून दमून आल्यावर ओट्यावर भांडी पडलेली असतील तर आठवड्यातून दोनदा बाहेरून मागवलं जातं आणि मावशींच्या पगाराहून जास्त पैसे जातात. त्यापेक्षा आठवड्यातले दोन ठरलेले वार पोळी-भाजी केंद्रातून फक्त पोळ्या आणा, भाजी-आमटी घरी करा. जादा काम करायचंच असेल तर महिन्यातले दोन शनिवार, आणि कशासाठी ते आधी ठरवून: उदाहरणार्थ अडीअडचणीचं खातं ८०,००० होईपर्यंत. रविवार पूर्ण मोकळा.

घरकर्जाकडेही एकदा बघा. रेपो दर, म्हणजे रिझर्व्ह बँक ज्या दराने बँकांना पैसे देते तो, २०२५ मध्ये ६.५ वरून ५.२५ टक्क्यांवर आला. तुमचं कर्ज रेपोशी जोडलेलं असेल तर दर साडेआठवर राहायला नको होता. म्हणजे बहुधा ते हाउसिंग फायनान्स कंपनीचं आहे. कन्व्हर्जन फी (दर बदलून घेण्याचं शुल्क) भरून दर कमी करून मागा. साडेसात झाला तर हप्ता २४,१६८ च्या आसपास येतो, महिन्याला १,८०० हून जास्त सुटतात. बँका दर उतरला की हप्ता तोच ठेवून मुदत कमी करतात. एरवी ते चांगलंच, पण पुढची दोन वर्षं तुम्हाला हातात पैसा हवा, म्हणून हप्ता कमी करण्याचा लेखी अर्ज द्या. दुसरी बँक करायची असेल तर फ्लोटिंग (बदलत्या) दराच्या घरकर्जाला मुदतपूर्व फेडीचा दंड नसतो, मात्र नव्या बँकेची फी, मुद्रांक शुल्क आणि नोटीस ऑफ इंटिमेशनचा (घर गहाण असल्याच्या सरकारी नोंदीचा) खर्च मिळवून मगच ठरवा. पर्सनल लोनला तो दंड बहुधा असतो, त्यामुळे ते आत्ता घाईने बंद करू नका.

मार्चमध्ये कुणी टॅक्स वाचवायला विम्याची पॉलिसी घ्या म्हणालं तर तीही नको. २०२५-२६ पासून नव्या करप्रणालीत १२.७५ लाखांपर्यंत पगार असणाऱ्याला करच लागत नाही, आणि त्या प्रणालीत ८०-सी ची वजावटही नाही.

राहिला जामीन. सध्या नाही म्हणा. पतसंस्थेचं कर्ज थकलं तर महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम १०१ खाली वसुली दाखला निघतो आणि तो जामीनदारावरही चालतो. पगारातून कपात, मालमत्तेची जप्ती, सगळं होऊ शकतं. ‘नुसती सही आहे’ असं कुणी म्हटलं तरी जामीनदार कर्जदाराइतकाच बांधील असतो. दिरांना कारण खरं सांगा: आम्ही स्वतः कर्ज फिरवतोय, दोन वर्षं दुसऱ्याची जबाबदारी घेता येणार नाही. हे मिस्टरांनी स्वतः, समोर बसून सांगावं; तुमच्या तोंडून गेलं तर सगळा दोष वहिनीवर येईल. त्यांना सोनं तारण ठेवून कर्ज मिळू शकतं, त्याला जामीनदार लागत नाही, तेही सांगून ठेवा.