अर्ध्याच्या रेषेजवळची केस

गर्भाशयाच्या अस्तराच्या कॅन्सरमध्ये दोन अनुभवी पॅथॉलॉजिस्टही खोलीबाबत, म्हणजे कॅन्सर गर्भाशयाच्या स्नायूत किती आत शिरलाय याबाबत, वेगळं मत देतात, आणि मतभेद अनेकदा पट्टी कुठून लावायची यावरच असतो. गाठीच्या वरच्या टोकापासून कधीच मोजू नकोस. शेजारचं निरोगी अस्तर जिथे स्नायूला भेटतं, ती रेषा आधी शोध आणि तिथून कॅन्सरच्या सर्वांत खोल ग्रंथीपर्यंत मोज. ही रेषा मुळातच वेडीवाकडी असते, म्हणून गाठ आणि निरोगी भाग एकाच स्लाइडवर येईल असा तुकडा ग्रॉसिंगलाच (काढलेला अवयव कापून तुकडे निवडताना) घे. भिंतीच्या पूर्ण जाडीचाही एक हवाच.

खरी फसगत अ‍ॅडेनोमायोसिसमध्ये (अस्तराचे सौम्य भाग स्नायूत असतात तेव्हा) होते. कॅन्सर त्यातच पसरला असेल तर ती खोली धरायची नाही. भोवती अस्तराचा स्ट्रोमा (ग्रंथींमधली आधार-ऊती), सौम्य ग्रंथी दिसतात का, बघ. सीडी१० या स्ट्रोमा दाखवणाऱ्या रंगचाचणीवर विसंबू नकोस, ते स्नायूत घुसलेल्या कॅन्सरच्या ग्रंथींभोवतीही रंगतं. रक्त-लसवाहिन्यांतल्या पेशीही खोलीत मोजत नाहीत.

खोली स्नायूच्या जाडीच्या ५० टक्के किंवा जास्त म्हणजे टप्पा १बी (स्त्रीरोग व प्रसूतितज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाची, म्हणजे फिगोची, २००९ची पद्धत), आणि त्यावर पुढचे उपचार ठरू शकतात. म्हणून रिपोर्टमध्ये नुसती टक्केवारी नको, खोली आणि स्नायूची जाडी दोन्ही मिलिमीटरमध्ये लिही. आकडा अर्ध्याच्या आसपास असेल, तर सही करण्याआधी सहकाऱ्याला तुझं माप न सांगता स्लाइड दाखव.