वाचकांचे प्रश्न : वजनकाटा, सीरियल पोर्ट आणि हँग होणारी खिडकी

प्रश्न : तुर्भ्याच्या गोदामात वजनकाट्याचा इंडिकेटर (वजन दाखवणारा डबा) सीरियल-यूएसबी कन्व्हर्टरने कॉम्प्युटरला जोडला आहे. सेटिंग ९६०० बॉड (सेकंदाला ९६०० बिट), ८ डेटा बिट, पॅरिटी (चूक तपासण्याचा जादा बिट) नाही, १ स्टॉप बिट. इंडिकेटर सतत वजन पाठवतो. सी प्लस प्लसमधला आमचा प्रोग्रॅम टायमरवर रीडफाइल (पोर्टवरून बाइट वाचणारे विंडोजचे फंक्शन) चालवतो. इंडिकेटर बंद असला की प्रोग्रॅम हँग होतो. शिवाय कधीकधी १२४५० ऐवजी २४५० किंवा १२४ दिसते. बॉड रेट बदलावा का?
— एक वाचक, तुर्भे

उत्तर : बॉड रेटला हात लावू नका. तो चुकला असता तर भलतीच अक्षरे आली असती. तुमचे आकडे बरोबर आहेत, फक्त डोके किंवा शेपूट तुटून येतात. म्हणजे दोष वाचण्याच्या पद्धतीत आहे.

टायमरचा मेसेज आणि माउसची क्लिक एकाच थ्रेडवर (प्रोग्रॅममधल्या कामाच्या एकाच धाग्यावर), एकाच मेसेज लूपमधून (आलेले मेसेज एकेक करून हाताळणाऱ्या फेऱ्यातून) जातात. रीडफाइल तिथे अडली की खिडकी रंगवणेही थांबते आणि ५ सेकंदांत विंडोज 'नॉट रिस्पॉन्डिंग' म्हणते. पोर्टचे टाइमआउट (वाट पाहण्याची मुदत) शून्य असतील तर मागितलेले बाइट येईपर्यंत रीडफाइल परतच येत नाही. म्हणून पोर्टसाठी वेगळा थ्रेड करा. पोर्ट ओव्हरलॅप्ड पद्धतीने (वाचन चालू असतानाच लिहिता येईल असा) उघडा, नाहीतर वाचन अडकलेले असताना इंडिकेटरला टेअरची (वजन शून्यावर आणण्याची) आज्ञा पाठवायला गेलात तर तीही अडकेल.

सेटकॉमटाइमआउट्समध्ये (पोर्टच्या या मुदती ठरवणाऱ्या फंक्शनमध्ये) रीड-इंटरव्हल आणि रीड-मल्टिप्लायर दोन्ही मॅक्सडीवर्ड (३२ बिटांत मावणारा सर्वांत मोठा आकडा) ठेवा, रीड-कॉन्स्टंट ५०० मिलिसेकंद ठेवा. आता बाइट आले असतील तर लगेच मिळतात, नसतील तर अर्ध्या सेकंदात शून्य बाइट घेऊन वाचन संपते. असे सलग ५-६ वेळा झाले तर पडद्यावरचे वजन पुसा आणि 'काटा बंद' दाखवा. हे टाळू नका : मागच्या ट्रकचे वजन पुढच्याच्या पावतीवर छापले जाणे हे प्रोग्रॅम हँग होण्यापेक्षा कितीतरी वाईट.

आता तुटलेले आकडे. सीरियल पोर्टला 'ओळ' कळत नाही, तो फक्त बाइट देतो. तुमच्या सेटिंगला एका बाइटमागे १० बिट (१ स्टार्ट, ८ डेटा, १ स्टॉप) जातात, म्हणजे सेकंदाला ९६० बाइट. १६ अक्षरांच्या ओळीला साधारण १७ मिलिसेकंद लागतात. त्यात कन्व्हर्टर स्वतः बाइट साठवून गठ्ठ्याने देतो (अनेक कन्व्हर्टरमधल्या एफटीडीआय कंपनीच्या चिपमध्ये ही मुदत मुळात १६ मिलिसेकंद असते). त्यामुळे एका वाचनात अर्धी ओळ येईल, नाहीतर दीड. आलेले बाइट बफरमध्ये जोडत जा आणि ओळ संपल्याची खूण मिळाली तरच वजन काढा. खूण बहुधा १३ हा बाइट (कॅरेज रिटर्न) असतो. काही इंडिकेटर २ या बाइटने सुरुवात आणि ३ या बाइटने शेवट करतात, मॅन्युअल पाहा. पोर्ट उघडल्यावरची पहिली ओळ टाकून द्या, कारण तुम्ही तिच्या मध्येच शिरलेले असता.

ओळ पूर्ण झाली की वजन क्रिटिकल सेक्शनमध्ये (एका वेळी एकाच थ्रेडला शिरता येणाऱ्या भागात) एका व्हेरिएबलमध्ये ठेवा आणि खिडकीला पोस्टमेसेजने (मेसेज रांगेत टाकून लगेच परतणाऱ्या फंक्शनने) डब्ल्यूएम_ऍप + १ (प्रोग्रॅमच्या स्वतःच्या मेसेजचा क्रमांक) एवढीच वर्दी द्या. सेंडमेसेज नको, ते उत्तर येईपर्यंत थांबते. प्रोग्रॅम बंद करताना खिडकी थ्रेड संपण्याची वाट पाहते, थ्रेड सेंडमेसेजच्या उत्तराची. दोघेही कायमचे अडकतात. डॉट नेटमध्ये डेटारिसीव्हड (बाइट आल्याची सूचना) वेगळ्या थ्रेडवर येतो, तिथेही याच कारणाने उत्तराची वाट पाहणारे इन्व्होक नको, वाट न पाहणारे बिगिनइन्व्होक वापरा. दर बाइटला मेसेजही पाठवू नका. मेसेजच्या रांगेची मूळ मर्यादा १०,००० मेसेजची आहे. पावती छापताना खिडकी अडली तर १० सेकंदांत ती भरते आणि पुढचे मेसेज पोस्टच होत नाहीत.

प्रश्न : कन्व्हर्टर दुसऱ्या यूएसबी सॉकेटला लावल्यावर पोर्ट कॉम१२ झाला. आता क्रिएटफाइल (पोर्ट उघडणारे फंक्शन) एरर २ देते.
— एक वाचक, वागळे इस्टेट, ठाणे

उत्तर : एरर २ म्हणजे फाइल सापडली नाही. कॉम९ च्या पुढे नाव \\.\कॉम१२ असे द्यावे लागते. सी प्लस प्लसच्या स्ट्रिंगमध्ये प्रत्येक उलटा स्लॅश दुप्पट लिहा. हे रूप कॉम१ लाही चालते, तेव्हा सगळीकडे तेच वापरा. आकडा पुन्हा जुना हवा असेल तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये पोर्ट सेटिंग्जच्या ऍडव्हान्स्ड बटणातून बदलता येतो.