थॅलेसेमिया असलेल्या मुलाचे झिंक कमी असेल तर पुढे साखर वाढते का? टॉनिक द्यावे का?

आपला मुलगा नऊ वर्षांचा आहे, दर तीन आठवड्यांनी त्याला रक्त चढते, तपासणीत झिंक कमी निघाले आहे, आणि पुढे मधुमेह होऊ नये म्हणून खनिजांचे टॉनिक चालू करावे का, असे आपण विचारले आहे. टॉनिक आणू नका. निदान बाटलीवरची बारीक अक्षरे वाचल्याशिवाय तर मुळीच आणू नका.

इतक्या ठामपणे लिहिण्याचे कारण आमच्याच घरात आहे. माझ्या नातीला थॅलेसेमिया मेजर आहे, म्हणजे अंगात तांबड्या पेशी नीट तयार न होणारा जन्मजात आजार. आम्ही सांगलीत विश्रामबागेला राहतो आणि तिला रक्त मिरजेला चढते. तिचे दुसरे आजोबा, म्हणजे माझे व्याही, तासगावकडचे बागायतदार. सढळ हाताचे आणि तितकेच हट्टी गृहस्थ. नातीचे झिंक कमी आल्याचे कळताच ते बेदाण्याची पेटी आणि ‘झिंकयुक्त’ असे ठळक छापलेली टॉनिकची बाटली घेऊन हजर झाले. बेदाण्यांबद्दल माझी काही तक्रार नाही. बाटली मात्र मी भिंग घेऊन वाचली, तेव्हा झिंकच्या वरच्याच ओळीत फेरिक अमोनियम सायट्रेट लिहिलेले दिसले, म्हणजे लोह. रक्ताच्या प्रत्येक पिशवीबरोबर ज्या मुलीच्या अंगात सुमारे 200 ते 250 मिलिग्रॅम लोह जाते, आणि ते बाहेर टाकण्याची सोय शरीरात नसल्यामुळे जिला रोज औषध घ्यावे लागते, तिला वरून चमच्याने लोह पाजायचे! मी बाटली परत केली. व्याह्यांनी ते मनाला लावून घेतले आणि ‘आमचे तिथे काही चालत नाही’ हे वाक्य पुढे प्रत्येक कार्यात ऐकू येऊ लागले.

खरा वाद त्यानंतर झाला. नात दहा वर्षांची झाल्यावर डॉक्टरांनी जीटीटी, म्हणजे उपाशीपोटी आणि ग्लुकोजचे पाणी पाजल्यानंतर साखर मोजायची तपासणी, करायला सांगितली. व्याह्यांचे म्हणणे असे की, एचबीएवनसी 5.3 आली आहे, मग पोरीला उपाशी ठेवून पुनःपुन्हा सुया कशाला टोचायच्या? प्रयोगशाळेतल्या मनुष्यानेही तीच री ओढली. एचबीएवनसी ही तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी खरी, पण ती तांबड्या पेशींवरून काढतात, आणि नियमित रक्त घेणाऱ्या मुलाच्या अंगातल्या बहुतेक तांबड्या पेशी रक्तदात्यांच्या असतात. तो अहवाल मुलाचा कमी आणि अनोळखी दात्यांचा जास्त, म्हणून या मुलांत त्यावर विसंबता येत नाही. मी हट्टाने जीटीटी करवून घेतली. ग्लुकोजच्या त्या गोड मिट्ट पाण्याने तिला मळमळू लागले, तेव्हा तिच्या आईने डॉक्टरांना विचारून त्यात लिंबाचे चार थेंब पिळले, आणि मग नाक दाबून तिने ग्लास संपवला. उपाशीपोटी साखर 94 होती. दोन तासांनी 168. दोन तासांची साखर 140 च्या खाली हवी, 200 किंवा वर गेली तर मधुमेह. आमची मधल्या टप्प्यात होती. व्याही आजही म्हणतात की, ग्लुकोज पाजल्यावर साखर वाढणारच. ती वाढते हे सर्वांनाच ठाऊक आहे. दोन तासांत उतरते की नाही, एवढेच पाहायचे असते.

आता आपल्या प्रश्नाकडे. झिंकचा आणि साखरेचा संबंध आहे. स्वादुपिंडात इन्शुलिन साठवले जाते ते झिंकच्या आधाराने, सहा रेणूंचा एक पुंजका करून. या मुलांत झिंक कमी पडण्याचे एक कारण औषधांतही आहे: लोह धरून बाहेर काढणारी औषधे, विशेषतः डेफेरिप्रोन, म्हणजे आपल्याकडे केल्फर म्हणतात ती गोळी, लोहाबरोबर थोडे झिंकही लघवीवाटे नेते. साखर वाढली की लघवीवाटे झिंक आणखी जाते, असा हा फेरा आहे. तरीही मधुमेहाचे मुख्य कारण झिंक नव्हे. मुख्य कारण साचलेले लोह आहे. ते स्वादुपिंडातल्या इन्शुलिन करणाऱ्या पेशी नासवते आणि यकृतात साचून इन्शुलिनचा परिणामही कमी करते. म्हणून नातीच्या डॉक्टरांनी आधी फेरिटिन, म्हणजे साचलेल्या लोहाचा अंदाज देणारी रक्ततपासणी, आणि लोह काढणाऱ्या औषधाचा डोस पाहिला. डोस वजनावर ठरतो. तिचे वजन वाढले होते आणि डोस जुनाच चालला होता. तो वाढवला, झिंकची वेगळी साधी गोळी दिली, आणि पुढच्या वर्षीच्या जीटीटीत दोन तासांचा आकडा 140 च्या आत आला. श्रेय झिंकचे, असे व्याही सांगत फिरतात. माझ्या मते ते डोसाचे आहे. झिंक दिल्याने मधुमेह टळतो, असे म्हणण्याइतका पुरावा नाही. कमतरता आहे म्हणून ती भरून काढायची, एवढेच.

पालक, बीट, गूळ यांवरून घरात भांडू नये. रक्ताच्या पिशवीपुढे ताटातले लोह किरकोळ असते. शेंगदाणे, तीळ, डाळी, अंडी यांतून झिंक मिळते, ते अवश्य द्यावे. मात्र लोह बाहेर काढणारे औषध चालू नसताना ‘क’ जीवनसत्त्वाच्या किंवा असल्या ‘ताकदीच्या’ गोळ्या कोणी आणून दिल्या तर स्पष्ट नाही म्हणावे. ‘क’ जीवनसत्त्व जास्त झाल्यास साठलेले लोह मोकळे होऊन हृदयाला त्रास होऊ शकतो.

मी डॉक्टर नाही, निवृत्त शिक्षक आहे, तेव्हा झिंकचा डोस आपल्या बालरोगतज्ज्ञांकडूनच घ्यावा. फार दिवस जास्त झिंक दिल्यास शरीरातले तांबे कमी होते. झिंकची तपासणीही एकदा पुन्हा करून घ्यावी, कारण ताप-संसर्ग असताना आकडा खाली येतो आणि नमुन्यातल्या पेशी फुटल्या तर तो खोटाच वर जातो. नमुना सकाळी उपाशीपोटी द्यावा. मुलाला दहा वर्षे पूर्ण झाली की जीटीटी करून घ्यावी. मुलाला फार तहान लागत असेल, सारखी लघवी होत असेल किंवा वजन उतरत असेल, तर तोवरही थांबू नये.