अळीचा रिपोर्ट पॉझिटिव्ह, पण जिवाणू कुणाचा?

तरोट्याच्या एकाच झुडपावरच्या फुलपाखरांच्या दोन जातींच्या अळ्यांत वोल्बाकिया (कीटकांच्या पेशींत राहणारा जिवाणू) सापडला, मग तो पानावाटे एकीतून दुसरीत गेला असं प्रकल्पात लिहू का, असं तुम्ही परभणीहून विचारलंय. लिहू नका. मी हेच लिहिलं होतं आणि नंतर सगळं मागे घ्यावं लागलं.

मी गौताळा अभयारण्याच्या बाजूला पहिल्या पावसानंतर अळ्या वेचल्या, अख्ख्याच अल्कोहोलमध्ये टाकल्या आणि तपासायला दिल्या. रिपोर्टात 'पॉझिटिव्ह' एवढा शब्द आणि जेलचा फोटो. सिक्वेन्सिंग, म्हणजे जिवाणूच्या डीएनएचा क्रम वाचून, मागितलं तर चार महिने नुसते फोन, शेवटी कळलं की उरलेला नमुना फेकून दिलाय. प्रयोगशाळेचं नाव घेत नाही. पण सिक्वेन्स मिळणार का, हे पैसे भरायच्या आधी लेखी घ्या. त्याशिवाय दोन्ही जातींतल्या जिवाणूचा वाण एकच आहे का हे कळणारच नाही.

मोठी चूक मात्र माझी. त्याच झुडपावरच्या काही अळ्या घरी बरणीत होत्या. एक सुस्तावली, आणि सकाळी तिच्या कातडीतून तांदळाच्या कणीएवढे जीव बाहेर येऊन पांढरे कोष विणत होते. शेतीवाले जिला मित्रकीटक म्हणतात, त्या बारीक परोपजीवी गांधीलमाशीची ती पिल्लं. वोल्बाकिया तिच्यातही असू शकतो! म्हणजे अख्खी अळी वाटून तपासली की रिपोर्ट अळीचा की पोटातल्या पाहुणीचा, काही सांगता येत नाही.

हा जिवाणू मुख्यतः आईकडून अंड्यातून जातो. लागण झालेला नर आणि बिनलागणीची मादी यांची अंडी बहुधा उबतच नाहीत, त्यामुळे लागण झालेल्या माद्यांचाच वंश वाढत जातो. जातीबाहेर जायला संकर आणि अशा परोपजीवी गांधीलमाश्या हे मार्ग मला जास्त पटतात. पानाची वाट अगदीच खोटी नाही, पांढऱ्या माशीत कपाशीच्या पानातून लागण होते हे प्रयोगात दिसलंय. पण ती रस शोषते, अळी पान कुरतडते. एकावरून दुसरीचं ठरवू नये.

मी पदवीला शिकवणारा माणूस, जिवाणूतज्ज्ञ नाही, तेव्हा तुमच्या मार्गदर्शकांनाही विचारा. पण निम्म्या अळ्यांची फुलपाखरं होऊ द्याच, आणि नर-माद्या मोजा. तरोट्यावर वाढणाऱ्या पिवळ्या पाकोळीच्या जपानमधल्या एका जवळच्या जातीत जिवाणूचा असाही वाण सापडलाय की सगळी संतती माद्याच निघते. बरण्या पत्र्याच्या खोलीत ठेवू नका, आपल्याकडच्या उकाड्यात जिवाणूच कमी होऊ शकतो. तपासणीला प्रौढ फुलपाखरू द्या, आणि नुसते पाय देऊ नका, तिथे जिवाणू इतका थोडा असतो की रिपोर्ट खोटा निगेटिव्ह येऊ शकतो.